रॅम्प काढून विकलेली गाडी

व्हीलचेअर थेट आत जाईल अशी करून घेतलेली व्हॅन विकायची वेळ आली, की मालकापुढे एक चमत्कारिक हिशेब उभा राहतो. मागच्या दाराला बसवलेला रॅम्प, तळाच्या पत्र्याला खालून आधार देऊन घट्ट केलेले हुक, खुर्चीसाठी आसने काढून मोकळी केलेली जागा, या सगळ्यावर त्याने पदरचे पैसे घातलेले असतात. पण जुन्या गाड्यांच्या बाजारात येणाऱ्या गिऱ्हाइकाला शाळेची मुले न्यायची असतात, नाहीतर किराणा माल. त्याच्या लेखी रॅम्प म्हणजे अडगळ आणि नसलेली आसने म्हणजे खोट. मग व्यवहारी सल्ला एकच उरतो : रॅम्प काढा, आसने परत बसवा आणि गाडी ‘नेहमीची’ करून विका. रॅम्प भंगारात जातो. त्याच सुमारास दुसऱ्या एखाद्या गावात दुसरे कुटुंब तसलीच व्हॅन घेऊन, तसलाच रॅम्प करून घ्यायला फॅब्रिकेटरच्या दारात उभे असू शकते. एकाने मोडायचे आणि दुसऱ्याने पहिल्यापासून जोडायचे. दोघांच्या मध्ये बाजार नाही, नोंद नाही, भाव सांगणारा कुणी नाही. ही उधळपट्टी थांबवणे हा दिव्यांगांच्या प्रवासाच्या प्रश्नावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि आपली सवलतींची सारी व्यवस्था नेमकी त्याच्याकडे पाठ करून उभी आहे, असे माझे म्हणणे आहे.

गरज कुणाची आहे, हे आधी नीट पाहायला हवे. कारण ‘दिव्यांगांची गाडी’ या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गरजा कोंबल्या जातात. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी ५४ लाखांहून अधिक जणांचे अपंगत्व हालचालीचे होते. महाराष्ट्रातल्या सर्व प्रकारच्या दिव्यांगांचा आकडा साडेएकोणतीस लाखांच्या पुढे होता. हालचालीचे अपंगत्व असलेल्यांपैकी काही जण स्वतः गाडी चालवू शकतात. त्यांना हाताने चालवायचा ब्रेक आणि अॅक्सिलरेटर पुरतो. काही जण खुर्चीतून उठून, किंवा कुणीतरी उचलल्यावर, गाडीच्या आसनावर बसू शकतात. त्यांच्यासाठी बाहेर फिरणारे आसन उपयोगाचे. तिसरा गट मात्र खुर्चीतून हलवताच येत नाही असा आहे. मानेच्या मणक्याला इजा झालेले, मस्क्युलर डिस्ट्रॉफीने स्नायूंची ताकद गेलेले, सेरेब्रल पाल्सीची मोठी झालेली मुले, आणि ज्यांना उचलणारे आईवडीलच आता साठी-सत्तरीचे झाले आहेत अशी माणसे या गटात येतात. त्यांची विजेवर चालणारी खुर्ची घडी होत नाही, तिचे वजन शंभर किलोच्या घरात जाऊ शकते आणि तिच्यातून बाहेर काढले की त्यांचा तोलही जातो. त्यांच्यासाठी गाडी म्हणजे खुर्चीसकट आत जाता येईल अशीच गाडी. आपल्या धोरणाला पहिला गट चांगला ठाऊक आहे, दुसऱ्याची हल्ली ओळख होते आहे. तिसरा अजून हिशेबातच नाही.

अशी गाडी महाग का पडते, याचे उत्तर भूमितीत आहे. इमारतीच्या रॅम्पसाठी आपल्याकडचे मानक एकास बाराचे आहे, म्हणजे एक फूट चढायचे तर बारा फूट लांबी हवी. समजा व्हॅनचा तळ रस्त्यापासून ६० सेंटीमीटर उंच आहे. या मापाने रॅम्प ७.२ मीटर लांब लागेल. मारुतीची इको अख्खी ३.६७ मीटर लांब आहे. म्हणजे गाडीच्या जवळजवळ दुप्पट लांबीचा रॅम्प गाडीतच घेऊन फिरावे लागेल. चढ तिप्पट तीव्र करून एकास चार केला, तरी २.४ मीटरचा रॅम्प लागतो आणि त्यावरून खुर्ची, बॅटरी आणि माणूस मिळून दीडशे-पावणेदोनशे किलोचा भार एकट्या माणसाने ढकलायचा. म्हणून जगभर दोनच मार्ग रूढ झाले : गाडीचा मागचा तळ कापून खाली घ्यायचा, नाहीतर हायड्रॉलिक लिफ्ट बसवायची. तळ खाली घ्यायचा तर सायलेन्सरचा पाइप, इंधनाची टाकी, कधी मागचे सस्पेन्शनही हलवावे लागते. त्यात बसलेल्या माणसाचे डोके छताला लागू नये याची चिंता वेगळीच, कारण खुर्चीत बसलेला माणूस मोटारीच्या आसनावरच्या माणसापेक्षा बराच उंच असतो. खरा खर्च या कामाचा आहे आणि ते काम पत्रा आणि इंजिन यांच्यापेक्षा सावकाश जुने होते. गाडीचे मूल्य पहिल्या चार-पाच वर्षांत झपाट्याने उतरते. चांगल्या लोखंडाचा रॅम्प आणि नीट बसवलेली लिफ्ट मात्र देखभाल केली तर बरीच वर्षे चालते.

म्हणूनच या प्रकारच्या गाडीला जुना बाजार नैसर्गिक आहे. घरातल्या माणसाचे दुखणे वाढत जाणारे असेल, तर गाडीची गरज काही वर्षांपुरतीच असते. मूल वाढते आणि चार वर्षांपूर्वी पुरलेली उंची पुरेनाशी होते. गाडी बहुधा दवाखाना, शाळा, फिजिओथेरपी आणि लग्नकार्य एवढ्यासाठीच बाहेर पडते, त्यामुळे तिचे किलोमीटरही कमी झालेले असतात. कमी धावलेली, तयार रॅम्पची, किंमत उतरलेली गाडी : जुन्या मालाच्या गिऱ्हाइकाला याहून चांगले काय हवे? ज्या देशांनी हे ओळखले तिथे जुन्या गाडीला दुसरे आणि तिसरे घर मिळते. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या ‘मोटॅबिलिटी’ योजनेत दिव्यांगांना भत्त्याच्या बदल्यात भाड्याने गाडी मिळते. व्हीलचेअर आत घेणाऱ्या गाड्यांची मुदत साधारण पाच वर्षांची असते आणि मुदत संपलेल्या गाड्या जुन्या बाजारात येतात. एका योजनेने नव्याची मागणी आणि जुन्याचा पुरवठा, दोन्ही उभे केले. जपानमध्ये टोयोटा ‘वेलकॅब’ या नावाने कारखान्यातूनच अशा गाड्या देते, सुझुकीही आपल्या ‘एव्हरी’ या छोट्या व्हॅनची रॅम्पवाली आवृत्ती विकते, आणि ठरावीक अटींत बसणाऱ्या अशा गाड्यांना तिथे उपभोग कर लागत नाही. आपली इको ही त्याच ‘एव्हरी’च्या घराण्यातून, मारुतीच्याच व्हर्सामार्गे, आलेली गाडी आहे. म्हणजे अभियांत्रिकी परकी नाही आणि कंपनीही परकी नाही; इथे ती आवृत्ती येत नाही, एवढेच.

आपली सवलत कुठे जाते, ते आता पाहू. जीएसटी आल्यापासून अस्थिव्यंग असलेल्या व्यक्तीला नव्या मोटारीवर २८ऐवजी १८ टक्के कर, अशी सोय होती. तिच्या अटी मोठ्या बोलक्या होत्या. गाडीची लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत, अवजड उद्योग मंत्रालयाचे प्रमाणपत्र, आणि पाच वर्षे गाडी विकणार नाही असे शपथपत्र. अटी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर छोटी हॅचबॅक आणि ती चालवणारा माणूस आहे, हे लपत नाही. चार मीटरच्या आत विजेची खुर्ची, तिच्यातला माणूस, सोबतीला बसणारा आणि चालक इतके बसवायचे, तर इकोसारखी एखादीच गाडी उरते. त्याहून मोठी सात आसनी गाडी घेणाऱ्या कुटुंबाला सवलत नव्हती. मग २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या मोटारींवरचा कर सर्वांसाठीच १८ टक्के झाला आणि मोठ्या मोटारींवरचा ४०. सर्वसामान्य ग्राहकाला हे स्वागतार्हच होते; पण दिव्यांगाला जी दहा टक्क्यांची वेगळी सूट होती, ती एका रात्रीत अर्थशून्य झाली, कारण आता शेजारीही तेवढाच कर भरतो. आणि या सगळ्या व्यवस्थेत जुन्या गाडीचा उल्लेखच नाही. उलट जानेवारी २०२५पासून नोंदणीकृत विक्रेत्याने जुनी गाडी विकली, तर त्याच्या नफ्यावर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. ती गाडी कुणासाठी, कशी तयार केली आहे याच्याशी या कराला कर्तव्य नाही.

कायदा आड येतो, म्हणून हे असे आहे, असेही म्हणता येत नाही. कायद्याची वाट वळणावळणाची असली, तरी आज ती खुली आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावले. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी ते योग्यच होते. पण त्याच वर्षीच्या दुरुस्तीने त्या कलमात दिव्यांगांसाठी स्पष्ट अपवाद आला : आपल्या मालकीचे कोणतेही वाहन दिव्यांगासाठी अनुकूलित करून घ्यावे आणि त्यानंतर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी. ‘कोणतेही वाहन’ या शब्दांत जुने वाहनही आले. दुसरीकडे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याच्या ४१व्या कलमाने सरकारवर जबाबदारी टाकली आहे, की दिव्यांगांना परवडेल अशा खर्चात वैयक्तिक प्रवास शक्य व्हावा म्हणून योजना कराव्यात, आणि त्या योजनांत सवलतींबरोबर वाहनांत बदल करून देण्याचाही उल्लेख आहे. एकूणच प्रवेशसुलभता ही सरकारची कृपा नसून हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी खटल्यात पुन्हा बजावले. तेव्हा अधिकार आहे, कलमही आहे. नाही ती फक्त आरटीओच्या खिडकीपासून खरेदीदाराच्या दारापर्यंत पोचणारी व्यवस्था.

या व्यवस्थेतली पहिली फट नोंदीची आहे. अनुकूलित गाडीची आरसीवर तशी नोंद असणे हा केवळ कागदोपत्री सोपस्कार नव्हे. मोटार विम्यात दिव्यांगांसाठी बदल केलेल्या गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सवलत देणारे कलम आहे; अट ही, की बदलाची नोंद आरसीवर हवी. राष्ट्रीय महामार्गांच्या टोल नियमांत दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या वाहनाला सूट आहे. तिथेही नोंदच विचारली जाते. नोंद न करता गाडी कापली असेल, तर अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते. तरीही गॅरेजमधून रॅम्प बसवून थेट रस्त्यावर आलेली गाडी हा मालकाला सोपा मार्ग वाटतो, कारण मंजुरीसाठी लागणारे हेलपाटे त्याला परवडत नाहीत आणि नोंद केल्याचा फायदा त्याला कुणी सांगितलेला नसतो. याचा फटका बसतो पुढच्या खरेदीदाराला. समोरच्या गाडीचा तळ कुणी कापला, कुठे वेल्डिंग केले, हुक पत्र्याला आहेत की चासीला, हे त्याला कळायला मार्ग नाही. जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७०मध्ये नेमके जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन दाखवले होते, की विकणाऱ्याला गाडीची खोट ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा प्रत्येक गाडीला खोटीचाच भाव देतो. मग चांगली गाडी असलेला मालक बाजारात येतच नाही. आपल्याकडे तो दुसऱ्या वाटेने जातो. तो रॅम्प काढून टाकतो आणि जिथे भाव ठरलेला आहे अशा साध्या गाड्यांच्या बाजारात उतरतो.

दुसरी फट तपासणीची, आणि ती अधिक गंभीर आहे. व्हीलचेअर गाडीत घालणे हे अर्धेच काम; ती धक्क्यात जागची हलू नये, हे दुसरे अर्धे. यासाठीची आंतरराष्ट्रीय मानके ताशी ४८ किलोमीटर वेगाच्या समोरासमोरच्या धडकेवर आधारलेली आहेत, आणि त्या चाचणीत गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे वीसपट बल धरले जाते. म्हणजे शंभर किलोची खुर्ची त्या क्षणी दोन हजार किलोच्या ओढीने पुढे झेपावते. साध्या पत्र्याला वेल्डिंग केलेला हुक तिथे कागदासारखा फाटेल. म्हणून खुर्चीचे तोंड पुढे हवे, चारही बाजूंनी पट्टे तळाच्या मजबूत भागाला हवेत, आणि माणसाचा कमरेचा व खांद्याचा पट्टा खुर्चीला न अडकवता गाडीला अडकवलेला हवा, हे नियम ठरून गेले आहेत. जुनी गाडी घेणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी हे पाहायला हवे. त्याच्या जोडीला दाराची मोकळी उंची, खुर्चीत बसल्यावर डोक्यावर राहणारी जागा, रॅम्पवर चढताना खुर्चीचा तळ कडेला घासतो का, लिफ्ट असेल तर वीज गेल्यावर ती हाताने खाली घेता येते का, आणि खाली घेतलेला तळ आपल्या गावातल्या गतिरोधकांवर आपटतो का, हेही. पण हे सारे घरच्या माणसाने अंदाजाने पाहावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. ज्या राज्यात, पुण्यातच, ‘एआरएआय’सारखी वाहन-चाचणीची राष्ट्रीय संस्था कोथरूडच्या टेकडीवर उभी आहे आणि खडकीला जखमी जवानांचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, त्या राज्याला ज्ञान उसने आणायची गरज नाही.

यातून करायचे काय, ते फार अवघड नाही. पहिले, आरसीवरच्या नोंदीत ‘अनुकूलित’ या एका शब्दावर न थांबता बदलाचा प्रकार लिहिला जावा : मागचा रॅम्प, बाजूची लिफ्ट, खाली घेतलेला तळ, चालकासाठी हातातली नियंत्रणे. देशभरातल्या वाहनांची नोंद ‘वाहन’ प्रणालीत एकत्र असतेच. मालकाची माहिती उघड न करता कोणत्या आरटीओच्या हद्दीत कोणत्या प्रकारची अनुकूलित गाडी विक्रीस आहे, एवढे सांगणारी यादी तिच्यातून काढता येईल. दुसरे, इकोसारख्या दोन-तीन प्रचलित व्हॅनसाठी प्रमाणित आराखडे तपासून प्रसिद्ध करावेत. ज्या फॅब्रिकेटरने त्या आराखड्याप्रमाणे काम केले, त्याच्या गाडीला मंजुरी झटपट मिळावी. मालकी बदलताना हुक, पट्टे आणि लिफ्ट यांची तपासणी सक्तीची असावी आणि तिचे शुल्क दिव्यांगाकडून घेऊ नये. तिसरे, मदत गाडीच्या नवेपणाला न देता तिच्यातल्या सोयीला द्यावी. जुन्या गाडीत नव्याने बसवलेली लिफ्ट, किंवा आधीच लिफ्ट असलेली जुनी गाडी, दोन्हींना अनुदान आणि स्वस्त कर्ज मिळावे. राज्याने डिसेंबर २०२२मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला, दिव्यांग वित्त व विकास महामंडळ आहे, स्थानिक स्वराज्य संस्थांनी पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा दंडकही आहे. पैशाची वाट नव्याने खणावी लागणार नाही. चौथे, नोंद असलेल्या अनुकूलित गाडीच्या पुनर्विक्रीवरचा जीएसटी काढावा, आणि नव्या गाडीवरच्या सवलतीतून चार मीटरची अट या तिसऱ्या गटापुरती तरी जावी.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे, आणि तो दिव्यांग चळवळीतूनही येऊ शकतो : सरकारचा पैसा खासगी गाडीत कशाला? बस आणि रेल्वे सुगम करा, म्हणजे सर्वांचेच काम होईल. तत्त्व म्हणून हे मान्य आहे. पण ३ डिसेंबर २०१५ला सुरू झालेल्या ‘सुगम्य भारत’ मोहिमेने सरकारी मालकीच्या प्रवासी वाहनांपैकी २५ टक्के वाहने पूर्ण सुगम करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, आणि त्याची मुदत पुढे ढकलावी लागली. ते उद्दिष्ट शंभर टक्के गाठले असते, तरी चारपैकी तीन बस उरतातच. शिवाय बस खालच्या तळाची असली, तरी घरापासून थांब्यापर्यंतचा रस्ता, त्यातली गटारे, पावसाळा आणि रात्री अडीचला दवाखान्यात न्यायची वेळ हे तिच्या हातात नसते. आजरा किंवा अक्कलकुव्याच्या वाडीवर राहणाऱ्या माणसाला सुगम बस मिळेल ती तालुक्याला. तालुक्यापर्यंत त्याने यायचे कसे? आणि जुनी व्हॅन खासगीच असली पाहिजे, असे कुठे आहे? एखादी ग्रामपंचायत, दिव्यांगांची संस्था किंवा व्हीलचेअर टॅक्सी चालवू पाहणारा तरुण यांच्यापुढचा सर्वांत मोठा अडथळा पहिल्या गुंतवणुकीचा असतो. प्रमाणित जुनी गाडी तो निम्म्यावर आणू शकते. बस आणि व्हॅन या एकमेकींच्या सवती नाहीत.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्याचा : आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? नव्या अनुकूलित गाड्याच मूठभर, तर त्यांचा जुना बाजार कसला उभारता? याला दोन उत्तरे आहेत. एक तर भारतात जुन्या बाजारासाठी नव्या अनुकूलित गाडीची वाट पाहावी लागत नाही, कारण ५२वे कलम जुन्या साध्या व्हॅनलाही अनुकूलित होऊ देते. २०२५च्या अखेरीस मारुतीने वॅगनआरसाठी बाजूला फिरणारे आसन आणले, ते नव्याबरोबर आधी विकलेल्या गाड्यांनाही बसेल असे. ते दुसऱ्या गटाच्या उपयोगाचे आहे, तिसऱ्याच्या नाही. पण जुनी गाडी हीच सोयीची जागा आहे, हे एका मोठ्या कंपनीच्या हिशेबाने मान्य केले, हे महत्त्वाचे. दुसरे उत्तर असे, की बाजार जितका लहान, तितकी नोंदीची गरज मोठी. साधी मारुती विकायची तर कोपऱ्यावरच्या एजंटाला सांगितले की दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइके येतात. लिफ्टवाली व्हॅन विकणारा नाशकात आणि घेणारा लातूरला असेल, तर त्यांची गाठ एजंट घालून देत नाही. त्यासाठी सार्वजनिक यादीच लागते. मोठे बाजार आपले आपण चालतात, छोटे बाजार कुणीतरी चालवावे लागतात.

राहिला गैरफायद्याचा आणि जुन्या गाड्यांच्या धुराचा मुद्दा. सवलतीचा गैरफायदा घेतला जातो, ही भीती खोटी नाही. काकांच्या नावाने गाडी आणि पुतण्याच्या हातात चावी, हा प्रकार कुणाला अपरिचित आहे? पण हा प्रश्न सवलत माणसाच्या प्रमाणपत्राला बांधल्यामुळे येतो. ती गाडीतल्या लिफ्टला बांधली, तर फसवणूक अवघड होते. प्रमाणपत्र दाखवून हॅचबॅक घेता येते; मागची आसने नसलेली आणि जमिनीला चार हुक असलेली व्हॅन मजेखातर कुणी पुतण्या फिरवणार नाही. रॅम्प काढला की नोंद रद्द आणि नोंद रद्द झाली की सवलत परत, एवढा नियम शपथपत्रापेक्षा जास्त काम करील. धुराचे म्हणाल, तर अनुदान पंधरा वर्षांच्या खटाऱ्याला द्या असे कुणीच म्हणत नाही. गाडीचे किमान निम्मे आयुष्य शिल्लक हवे आणि प्रदूषणाची चाचणी उत्तीर्ण हवी, अशी अट घालता येते. आणि खर्चाचा आक्षेप घेणाऱ्यांनी उलटा हिशेबही मांडावा : ज्या माणसाला कॉलेजला, नोकरीला किंवा वेळेवर दवाखान्यात जाता येत नाही, त्याच्या घरात बसण्याची किंमत तो एकटा भरत नाही. त्याला सांभाळायला घरातली आणखी एक व्यक्ती, बहुधा आई किंवा बायको, कामधंदा सोडून घरी बसते.

हे बदल दिल्लीत आणि मंत्रालयात व्हायचे तेव्हा होतील. नोंदीचा प्रकार वाढवणे, दोन-तीन आराखडे तपासणे आणि कर्जाच्या अर्जातला ‘नवीन वाहन’ हा शब्द खोडणे, यांतल्या एकाही कामाला नवा कायदा लागत नाही; दिव्यांग विभाग आणि परिवहन विभाग यांनी एका टेबलावर बसणे तेवढे लागते. तोवर एक काम मात्र वाचकांच्या हाती आहे. आपल्या घरात, नात्यात किंवा सोसायटीत अशी व्हॅन वापराविना उभी असेल, तर तिचा रॅम्प उतरवायला मेकॅनिकला बोलावण्याआधी तिची नोंद आरसीवर करून घ्या आणि जिल्ह्यातल्या दिव्यांगांच्या संस्थेला, जवळच्या पुनर्वसन केंद्राला, विशेष मुलांच्या शाळेला कळवा. साध्या गाडीच्या भावात विकायचीच असेल, तर ती रॅम्पसकट अशा घरी विका, जिथे रॅम्पची किंमत कळते.